घर-संसार : चुना मारण्याआधी भिंत वाळू द्या



वर्षावास संपत आला की आपल्या वस्त्यांत चुन्याच्या बादल्या दिसू लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ येतो, दीक्षाभूमीवर जायचे असते, घरी पाहुणे येणार असतात. घर पांढरेशुभ्र दिसावे असे प्रत्येक गृहिणीला वाटते व ते योग्यच आहे. परंतु बुरशी आलेल्या ओल्या भिंतीवर चुना मारल्याने घर स्वच्छ होत नाही, दोष फक्त झाकला जातो. गोसीखुर्द परिसरातील कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून आज आम्ही हे लिहीत आहोत.

गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून पवनी तालुक्यातील माणसांचा पाण्याशी संबंधच बदलला. वरच्या अंगाला जलाशय, खालच्या अंगाला दरवाज्यांतून सुटणारे पाणी. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत आले, भंडारा शहरात घरे पाण्याखाली गेली आणि धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. पूर दोन-चार दिवसांत ओसरतो, भिंती मात्र कित्येक आठवडे ओल्या राहतात. त्यातच बऱ्याच गावांत आपली वस्ती सखल जागी आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारण असेल तर कार्य घडते, कारण गेले की कार्यही थांबते. बुरशीचे कारण ओल. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच ती धरू लागते. म्हणून आधी पाणी कोठून येते ते पाहा. डाग वरून खाली उतरला असेल तर कवेलू फुटले असतील किंवा सरकले असतील. ओल खालून गुडघ्यापर्यंत चढली असेल तर न्हाणीचे किंवा पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरत असेल. बाहेरून उताराची नाली काढा, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग हलवा. एवढ्याने अर्धे काम होते.

पुराचे पाणी घरात शिरले असेल तर घाईने आत जाऊ नका. मातीची भिंत वाळतानाही कोसळते. तडा गेलेल्या किंवा झुकलेल्या भिंतीजवळ कोणी झोपू नये. ओल्या पायांनी विजेच्या मेन स्विचला हात लावू नका, लाईनमनला बोलवा. साफसफाईपूर्वी भिंती, धान्य व सामानाचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात.

बुरशी काढताना लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाई आणि दमेकरी यांना बाहेर ठेवा. कोरोनाच्या काळात वापरलेला एन-९५ प्रकारचा मास्क लावा, हातमोजे घाला, खिडक्या-दारे उघडा. कोरड्या झाडूने बुरशी झाडू नका. तिची पूड हवेत उडते व छातीत जाते. सिमेंटची भिंत कपड्याच्या साबणाच्या पाण्याने घासा, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मातीच्या भिंतीचा बुरशी धरलेला थर थोडा ओलसर करून खरवडा, भिंत वाळली की नव्याने लिंपा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते. शेवटी चुना मारा. चुना चांगलाच, पण वाळलेल्या भिंतीवर.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पुरात भिजून बुरशी आलेली कापसाची गादी ठेवू नका. नव्या गादीला पैसे लागतात हे आम्ही जाणतो, पण तीवर बाळ झोपते. गोधड्या मात्र गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवता येतात. बुरशी आलेले तांदूळ, लाखोळी, शेंगदाणे धुऊन-शिजवून खाऊ नका. काही बुरशींचे विष शिजवूनही जात नाही. ते गुराढोरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका.

बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर ओल्या भिंतीवर असेल तर आजच उतरवून मागची बाजू पाहा. काचेआड बुरशी धरते ती उशिरा दिसते. ग्रंथ भिजले असतील तर पानांमध्ये कोरे कागद घालून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. जातीचा दाखला, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा.

पोराचा खोकला हटत नाही, रात्री छाती घरघरते, म्हणून आपण औषधाची बाटली बदलतो. कोणी अंगारा लावायला सांगते. अंगाऱ्याने दमा जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि डॉक्टरांना घरातील ओलीविषयी अवश्य सांगा. घरी आल्यावर पोराच्या उशाची भिंत हात लावून पाहा.

हे काम एकट्या बाईचे नाही. पुरुषांनी छपरावर चढावे, मोठ्या मुलांनी नाली खणावी, तरुण मंडळाने एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरे आधी घ्यावीत. यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपली घरे पांढरी दिसावीतच, पण आतून कोरडीही असावीत, हीच आमची इच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!