पूलच्या टेबलावरचा वेळेचा ताळेबंद

पूल हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यास अत्यंत आटोपशीर वाटतो. नऊ रंगीत चेंडू, एक पांढरा चेंडू, सहा पॉकेट आणि तासाभरात निकाल. परंतु हाच खेळ एखाद्या क्लबच्या सभागृहात चौसष्ट खेळाडूंच्या स्पर्धेच्या रूपाने मांडला गेला, की सकाळी दहाला सुरू झालेली स्पर्धा मध्यरात्र ओलांडते. प्रेक्षक शेवटच्या लोकलसाठी केव्हाच निघून गेलेले असतात, सभागृहाचा रखवालदार किल्ल्या घेऊन दाराशी उभा असतो आणि दिवसभरातले सर्वोत्तम दोन खेळाडू अंतिम सामन्यात सोपे चेंडू चुकवू लागतात. ज्या सामन्यासाठी सारा खटाटोप केला, तोच सर्वांत वाईट खेळला जातो.

अशा वेळी दोष देण्यासाठी एक माणूस हमखास सापडतो. टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्याखेरीज, क्यूच्या टोकाला दोनदा खडू लावल्याखेरीज खाली न वाकणारा संथ खेळाडू. त्याचा दोष नसतो असे नाही. मात्र हिशेब मांडून पाहिला, तर विलंबाची मोठी रक्कम त्याच्या खात्यावर पडत नाही. ती स्पर्धेच्या आखणीच्या खात्यावर पडते, आणि ती आखणी पहिला ब्रेक होण्यापूर्वीच कागदावर पक्की झालेली असते.

हिशेब समजण्यापुरता खेळ असा. नाइन-बॉल या प्रकारात पांढऱ्या चेंडूने टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो, आणि नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार पॉकेटमध्ये घालणारा तो डाव, म्हणजे ती ‘रॅक’, जिंकतो. सामना ठराविक रॅकपर्यंतची शर्यत असतो. ‘रेस टू सेव्हन’ म्हणजे जो आधी सात रॅक जिंकेल तो विजयी. असा सामना कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १३ रॅकमध्ये संपतो. सरासरी १० रॅक आणि प्रत्येक रॅकला ६ मिनिटे धरली, तर एक सामना म्हणजे एक तास.

आता ६४ खेळाडूंची स्पर्धा घ्यावी. साध्या बाद पद्धतीत प्रत्येक सामना एका खेळाडूला घरी पाठवतो. विजेता सोडून ६३ जणांना घरी जायचे आहे, म्हणून सामने ६३. हौशी स्पर्धांत मात्र दुहेरी बाद पद्धत लोकप्रिय आहे. प्रवेशशुल्क भरून, दूरवरून येऊन एकाच पराभवात परत जावे लागू नये, ही त्यामागची भावना योग्यच आहे. पण तिची किंमत पाहावी. ६३ जणांनी प्रत्येकी दोनदा हरायचे, म्हणजे १२६ सामने. आणि विजेताही एकदा हरला असेल तर १२७. सामन्यांची संख्या दुप्पट झाली. आठ टेबले असतील, तर कोणी क्षणभरही न रेंगाळता जवळजवळ सोळा तास लागतील. टेबले वाढवून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण पराभूतांच्या बाजूला एकामागून एक दहा फेऱ्या होतात. त्यांच्या आधीची पहिली फेरी आणि नंतरचा अंतिम सामना धरला, तर बारा पायऱ्या एकीमागून एकच चढाव्या लागतात. सभागृहात तीस टेबले मांडली तरी बारा तास ठरलेलेच.

याच्या शेजारी संथ खेळाडूचा खर्च मांडावा. तो प्रत्येक फटक्याला इतरांपेक्षा दहा सेकंद अधिक घेतो आणि एका रॅकमध्ये सहा फटके खेळतो असे समजू. म्हणजे रॅकमागे एक मिनिट, सामन्यामागे दहा मिनिटे. तो पहिल्याच फेरीत हरला आणि मग पराभूतांच्या बाजूने थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तर बारा-तेरा सामने खेळेल आणि स्पर्धेचे दोन तासांच्या आसपास खाईल. दोन तास ही लहान रक्कम नव्हे. परंतु दुहेरी बाद पद्धतीने टेबलांच्या खाती जे ६४ तास वाढवले, त्यांच्यापुढे ती किरकोळच ठरते. मात्र एक सूक्ष्म भेद आहे. संथ खेळाडू लवकर बाद झाला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. तो जिंकत राहिला तर प्रत्येक पायरीवर पुढची सगळी रांग त्याच्यासाठी थांबते. म्हणून आयोजकांनी डोळा ठेवायचा तो पहिल्या फेरीतल्या संथ नवशिक्यावर नव्हे, उपांत्य फेरीकडे निघालेल्या संथ निष्णातावर.

मोठ्या व्यावसायिक स्पर्धांनी आखणीचा हा धडा घेतला आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत बॅरी बेहरमन यांनी सुरू केलेली यू. एस. ओपन ही स्पर्धा दीर्घकाळ दुहेरी बाद पद्धतीची म्हणूनच ओळखली जात होती. आज मॅचरूम या कंपनीच्या आधिपत्याखाली तिच्यात २५६ खेळाडू असतात, पण दुसरी संधी केवळ शेवटचे ६४ उरेपर्यंत मिळते. तेथून पुढे एक पराभव म्हणजे परतीचे तिकीट. दुसरी संधी सर्वांना मिळते आणि शेवटच्या दिवसाचे वेळापत्रकही छापता येते. लहान क्लबला याहून सोपी युक्ती उपलब्ध आहे. विजेत्यांच्या बाजूला सातची शर्यत ठेवली, तर पराभूतांच्या बाजूला पाचची ठेवावी. शर्यत लहान केली की नशिबाचा वाटा वाढतो, हा आक्षेप खरा आहे. पण एकदा हरलेल्याला दुसरी संधी मिळते आहे, तर तिची लांबी थोडी कमी असण्यात अन्याय दिसत नाही.

काही वेळ तर कोणाच्याही खेळात न जाता नुसताच सांडतो. सामने आधीच ठराविक टेबलांना वाटून टाकले, की तिसऱ्या टेबलावर सामना रेंगाळतो आणि पाचवे टेबल रिकामे असूनही पुढची जोडी तिसऱ्यापाशीच ताटकळते. बँकेत पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असे आणि पुढच्या माणसाने नाण्यांची पिशवी उघडली की मागच्यांचे नशीब फुटे. टोकन आले आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा ग्राहक जाऊ लागला. स्पर्धेतही रांग एकच असावी, टेबले अनेक. उशिरा येणाऱ्यांच्या बाबतीतही स्पष्टता हवी. जागतिक पूल संघटनेच्या नियमावलीत त्यासाठी पंधरा मिनिटांची मुदत आहे, त्यानंतर सामना गेला. ओळखीचा खेळाडू ‘पुलावर अडकलोय, पोहोचतोच’ असे फोनवर सांगतो तेव्हा ही पंधरा मिनिटे पंचेचाळीस होतात, हे प्रत्येक आयोजक जाणतो. चेंडूंची मांडणी घट्ट झाली की नाही यावरून होणारे वाद तर वेगळेच. कापडावर ठेवायच्या पातळ साच्यात चेंडू आपोआप चिकटून बसतात. असा साचा प्रत्येक टेबलाला दिला, तर स्वस्तात पुष्कळ वेळ वाचतो.

एवढे सगळे केल्यावरच घड्याळाचा विषय काढण्याचा नैतिक अधिकार आयोजकांना प्राप्त होतो.

संथपणाचे दोन प्रकार आहेत आणि ते बाहेरून सारखेच दिसतात. एक स्वभावाचा. विचार केल्याशिवाय हात न उचलणारी माणसे असतात. वय झालेला खेळाडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जायलाही वेळ घेतो. दुसरा हेतूचा. समोरचा रंगात आला आहे, त्याची लय मोडायची, म्हणून खुर्चीत बसवून त्याला थंड करायचे. २००५ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेत शेफिल्डला पीटर इब्डन यांनी रॉनी ओ’सुलिव्हन यांच्याविरुद्ध केवळ १२ गुणांच्या ब्रेकसाठी पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला. याच ओ’सुलिव्हन यांनी १९९७ मध्ये त्याच स्पर्धेत १४७ गुणांचा संपूर्ण ब्रेक पाच मिनिटांच्या थोड्या वर पूर्ण केला होता. बराच मागे पडलेले इब्डन तो उपांत्यपूर्व सामना १३-११ असा जिंकले. ते डावपेच होते की दडपणाखालची एकाग्रता, यावर स्नूकरचे रसिक आजही वाद घालतात. प्रत्येक फटक्याला सेकंदांची मर्यादा नव्हती. संथपणाचा निवाडा पंचाच्या मतावर सोपवलेला होता. आणि पंचाला माणसाच्या मनात शिरता येत नाही.

म्हणूनच पूलच्या नियमावलीतील तरतूद वरकरणी कठोर वाटली तरी शहाणपणाची आहे. पंचाला एखादा खेळाडू फार संथ वाटला, तर प्रथम त्याला वेग वाढवण्यास सांगायचे. तरीही फरक पडला नाही, तर त्या सामन्याला ‘शॉट क्लॉक’ लावायचे, आणि ते दोघांनाही. शिफारस आहे ती प्रत्येक फटक्यास ३५ सेकंदांची, दहा सेकंद उरता इशारा, आणि प्रत्येक रॅकमध्ये प्रत्येकास एकदा २५ सेकंदांची वाढ. वेळ संपली की तो साधा फाउल. १९९४ पासून युरोप आणि अमेरिका यांच्यात होणाऱ्या मोस्कोनी कपमध्ये तर ३० सेकंदच मिळतात आणि जगातले उत्तम खेळाडू त्यात बसवून खेळतात. निरपराध प्रतिस्पर्ध्यालाही घड्याळाखाली खेळावे लागते, ही तक्रार वारंवार होते. पण घड्याळ एकट्यालाच लावले, तर त्याच्या माथी हेतूचा आरोप मारल्यासारखे होते. दोघांना लावले की तो केवळ वेळेचा नियम राहतो. जो मुळातच वेगाने खेळतो, त्याला ३५ सेकंदांची आठवणही राहत नाही.

मात्र ‘संथ वाटला तर’ हे शब्द क्लबच्या स्पर्धेत धोक्याचे आहेत. तेथे पंच हाच आयोजक असतो, कधी एखाद्या खेळाडूचा मेव्हणाही. म्हणून वाटण्याऐवजी मोजता येईल अशी खूण ठरवावी. पंचेचाळीस मिनिटांत सहा रॅक पूर्ण झाल्या नाहीत, तर घड्याळ लागणार, मग टेबलाशी कोणीही असो. ही ओळ प्रवेशअर्जावर छापलेली असावी. सामना चालू असताना सुचलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी हरणाऱ्याला तो आपल्यासाठीच केलेला वाटतो. हौशी खेळाडूंसाठी मर्यादा ४५ सेकंदांची ठेवण्यास हरकत नाही. तीस सेकंद ही दूरचित्रवाणीची गरज आहे. प्रत्येक टेबलामागे घड्याळ धरणारा माणूस लागतो, ही अडचणही खूण ठरवली की सुटते, कारण एका वेळी एखाद-दुसऱ्याच सामन्याला तो द्यावा लागतो.

याला पर्याय म्हणून काही ठिकाणी फटक्याऐवजी संपूर्ण सामन्यालाच मुदत घालतात. दीड तास झाला की चालू रॅक पूर्ण करायची, जो पुढे असेल तो विजयी. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे फार सोयीचे वाटते आणि नेमके येथेच आयोजक फसतात. ५-४ ने पुढे असलेल्या खेळाडूच्या हाती पंधरा मिनिटे उरली, की आजवर कधीही संथ न खेळलेला माणूसही क्यूच्या टोकाला खडू लावण्यात रस घेऊ लागतो. संथपणा रोखण्यासाठी केलेला नियम संथपणालाच बक्षीस देतो. स्नूकरच्या ‘शूट आउट’ स्पर्धेने हे ओळखले आहे. तेथे अख्खा सामना दहा मिनिटांचा असतो, पण त्याच्या पोटात दुसरे घड्याळ चालते: पहिली पाच मिनिटे प्रत्येक फटक्यास १५ सेकंद आणि शेवटची पाच मिनिटे १०. सामन्याला मुदत घालायचीच असेल, तर किमान शेवटच्या वीस मिनिटांत शॉट क्लॉक लावण्यासाठी एक माणूस हाताशी ठेवावा. तो मिळत नसेल, तर मुदतीचा मोह सोडून सातची शर्यत सरळ पाचवर आणावी.