खडकाचे वय आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

शिरपूर परिसरातील आपल्या श्रद्धावंतांच्या घरांत एक पत्रक हातोहात फिरत असते. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे आहे आणि याहून वेगळे सांगणारा शास्त्रज्ञ देवाचा वैरी होय, असे त्यात ठासून सांगितलेले असते. उलटपक्षी आपल्यातीलच काही वक्ते प्रार्थनासभांतून सांगतात, की विज्ञानाने आज जे शोधले ते बायबलने केव्हाच सांगून ठेवले होते. पहिला पक्ष विज्ञानाला दारातूनच हाकलतो, तर दुसरा त्याला जबरदस्तीने आपल्या पंक्तीला बसवतो. माझ्या मते दोघेही एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. दोघांनीही पवित्र शास्त्र नीट वाचलेले नाही.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. सातपुड्यापासून तापीपर्यंत आपण ज्या भूमीवर वावरतो, तिच्या पोटात काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो घडला. दख्खनच्या सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर तो आजही पसरलेला आहे. हा आकडा कोणी मनाने ठरवलेला नाही. पाषाणातील किरणोत्सारी पोटॅशियम अतिशय संथ गतीने क्षय पावते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास १२५ कोटी वर्षे लागतात आणि त्याच्या एका अंशाचा आरगॉन वायू होतो. दगडात कोंडलेला हा वायू मोजला, की लाव्हा थिजल्याला किती काळ लोटला ते कळते.

याच तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद व खोल करून, त्यांवर बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोणता थर पाणी मुरू देतो आणि कोणता अडवतो, हे ओळखण्याची विद्या भूशास्त्राची आहे. ज्या शास्त्राने विहिरीला पाणी आणले, त्याच शास्त्राने खडकाचे वय सांगितले. पाणी तेवढे प्यावे आणि वय मात्र नाकारावे, हा कोणता न्याय?

बरे, सहा हजारांचा हा हिशेब आला कोठून? १६५० साली आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींतील वर्षांची बेरीज इतर प्राचीन कालगणनांशी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला. हा आकडा पवित्र शास्त्राच्या एकाही वचनात नाही. एका विद्वानाचे गणित आपण देववचनाच्या आसनावर बसवले आहे.

उत्पत्तीचा ग्रंथ तरी काय सांगतो? पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. तेथे वनस्पती आधी येतात व मनुष्य शेवटी. दुसऱ्या अध्यायात शेतात झुडूप उगवण्याआधीच मनुष्य घडवला जातो. संकलनकर्त्याला हा भेद दिसला नसेल काय? दिसला होता, तरीही त्याने दोन्ही वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवले, कारण त्याला घटनांची रोजनिशी लिहायची नव्हती. अनेक अभ्यासक पहिला अध्याय बाबेलातील बंदिवासाच्या काळाशी जोडतात. सूर्य-चंद्राला देव मानणाऱ्या साम्राज्यात गुलाम म्हणून राहणाऱ्या लोकांना तो सांगतो, की हे देव नव्हेत, देवाने लावलेले दिवे आहेत. लेखक त्यांची नावेही घेत नाही. ‘मोठी ज्योती’ व ‘लहान ज्योती’ एवढेच म्हणतो. दिव्यापुढे गुडघे टेकायचे नसतात, त्याच्या उजेडात पाहायचे असते. ज्या ग्रंथाने सृष्टीला अभ्यासासाठी मोकळे केले, तोच ग्रंथ अभ्यासाच्या आड उभा करणे ही त्याची विटंबना आहे.

आता दुसरा पक्ष. विश्व प्रसरण पावते हे गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी ते १९२७ साली मांडले, आणि १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची कल्पना पुढे ठेवली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. सिद्धान्त उद्या बदलू शकतो, मग त्याला टेकवलेल्या श्रद्धेचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पुढल्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो सूर पुन्हा लावला नाही. पोपमहाशयांनी जो मोह आवरला, तो आपल्या वक्त्यांना आवरू नये?

येथे एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. १८४२ साली अहमदनगरात निघालेल्या ‘ज्ञानोदया’ने पुराणांतील भूगोल-खगोल खोटा ठरवण्यासाठी विज्ञानाचे शस्त्र वापरले. ते पत्र प्रॉटेस्टंट बंधूंचे होते हे खरे. पण ती सवय आपण सर्वांनीच उचलली. जे माप दुसऱ्याच्या ग्रंथाला लावले, ते आपल्या ग्रंथाशी आणताना हात का थरथरावा?

कोणी म्हणेल, “फादर, साध्याभोळ्या लोकांची श्रद्धा डळमळेल.” मला हे पटत नाही. आकाश-पृथ्वीविषयी ख्रिस्ती माणूस जाणकारांपुढे वेडगळ बोलू लागला, तर ते लोक पुनरुत्थानावर तरी विश्वास का ठेवतील, असे संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले होते. १९९३ साली पोपपीठाच्या बायबल आयोगाने शब्दशः वाचनाच्या हट्टाला बौद्धिक आत्मघाताची उपमा दिली. श्रद्धा डळमळते ती प्रश्नाने नव्हे, प्रश्न दडपल्याने.

उत्तर देणारी माणसे आपल्याकडे आहेत. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवलेले येशूसंघीय जोब कोळंथडम यांनी केप्लरचे नियम त्याच्या श्रद्धेशी कसे गुंफलेले होते, हे १९९४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले. पुण्यात जन्मलेले, येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांनी २०१८ साली एरिक बेल यांच्यासह एक निष्कर्ष मांडला. देवयानी दीर्घिकेने सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली, असा तो निष्कर्ष. हेच फादर सप्टेंबर २०२५ पासून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक आहेत. पण हे संशोधन इंग्रजीत आहे आणि पत्रक मराठीत. शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आपला मुलगा आठवडाभर एक सत्य शिकतो आणि रविवारी दुसरे ऐकतो. एके दिवशी तो दोहोंतून एक निवडतो आणि मंदिरात येईनासा होतो. त्याला आपण नास्तिक म्हणून मोकळे होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गुरुविद्यालयांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून या विषयावर एक निबंध मराठीत लिहून घ्यावा. संशोधक धर्मगुरूंनी वर्षातून एक लेख आपल्या लोकांच्या भाषेत द्यावा. दृढीकरणाच्या वर्गात उत्पत्तीचा पहिला अध्याय भूगोलाच्या पुस्तकाशेजारी उघडून शिकवावा. पत्रके वाटणारे दारोदार हिंडतात. ज्यांच्यापाशी ज्ञान आहे त्यांनी निदान उंबरठ्यापर्यंत तरी यावे.