मासळी खाल्ली की सुई बंद?

खोपोलीहून एका भगिनीचं पत्र आलंय. सासूबाईंना मधुमेह, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. शेजारच्या काकूंनी कुठंसं ऐकलं, माशाच्या पोटात इन्सुलिन असतं. झालं! ‘रोज म्हावरं खा नि सुई सोडा,’ असा सल्ला मिळाला. सासूबाई सुईला कंटाळलेल्याच. ‘ताई, चालेल का?’

नाही हो, मुळीच नाही! पण काकूंचं ऐकणं अगदी खोटंही नाही. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशींची बारीक बेटं विखुरलेली असतात. काही माशांत त्यांची वेगळी गाठच असते. १९२२ साली कॅनडात मॅक्लिऑड यांनी अशा गाठींचा अर्क काढला. त्यानं रक्तातली साखर उतरली. उरलेल्या स्वादुपिंडाच्या अर्कानं नाही. इन्सुलिन त्या बेटांतच होतं, हे पक्कं झालं.

पुढे १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवलं, की पेशी इन्सुलिन एकदम करत नाही. आधी एक लांब साखळी करते, प्रोइन्सुलिन. १९७० च्या दशकात अँगलरफिश नावाच्या समुद्री माशाच्या गाठींतही हेच तपासलं गेलं. पेशींना खूण लावलेली अमिनो आम्लं दिली; खूण आधी लांब साखळीत दिसली, मग इन्सुलिनमध्ये.

ब्लाउज शिवताना आपण कच्चा टाका घालतो ना? दोन तुकडे नीट जुळून पक्की शिलाई बसली, की तो ओढून टाकायचा. इथंही तसंच. मधला तुकडा दोन साखळ्या जुळवून धरतो आणि मग कापला जातो. माणसाच्या इन्सुलिनमध्ये उरतात २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड.

पत्रात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ज्या तपासणीचा खर्च फुकट वाटतो म्हटलंय, ती हीच! बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणून रक्तात तो किती आहे यावरून सासूबाईंचं शरीर स्वतः किती इन्सुलिन करतं ते कळतं. करून घ्या बाई.

आणि माशातलं इन्सुलिन? ते प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, रक्तात पोचत नाही. म्हणून तर सुई. ती मनानं बंद केली तर साखर भडकून जिवावर बेतू शकतं. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच.

मासळी मात्र खुशाल करा. तळण्यापेक्षा कालवण बरं, नि सोबत भाताचा डोंगर नको.