प्रकाशाला तराजू कोठला ?

वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल, तर व्यापारी दंडास पात्र ठरतो. मात्र मिरवणुकीतील ट्रकावरून पोराबाळांच्या डोळ्यांत शिरणारा लेसरचा झोत किती शक्तीचा, हे तो भाड्याने आणणारा जाणत नाही आणि देणाराही बहुधा जाणत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीला गेलेल्या तरुणांच्या दृष्टिपटलावर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांना रक्तस्राव आढळला. पुढे ठिकठिकाणी मनाईहुकूम निघाले. ते निघावेत, परंतु हुकमात ‘लेसर’ हा शब्द घातला की काम संपले, या समजुतीशी आमचे भांडण आहे.

लेसर ही एक वस्तू नव्हे, ते एक कुळ आहे. व्याख्यात्याच्या हातातील ठिपका आणि कारखान्यात पोलाद कापणारा किरण, दोन्ही त्यातलेच. केवळ नजरेने त्यांची तुलना करू जाल तर फसगत ठरलेली. सारख्याच शक्तीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा सुमारे आठपट उजळ भासतो. अवरक्त किरण तर दिसतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. दृश्य किरण १ मिलिवॅटच्या आत असेल तरच पापणीची पाव सेकंदाची चपळाई डोळा वाचविते. वेष्टनावरील वॅट विजेचे की प्रकाशाचे, हाही प्रश्न आहेच.

मापकांचीही तऱ्हा न्यारी. सिलिकॉनचा प्रकाशडायोड तत्पर खरा, पण त्याला तरंगलांबी अगोदर सांगावी लागते. चुकीची सांगितली की आकडाही चुकतो. स्वस्त हिरव्या लेसरमधून अवरक्त प्रकाश झिरपत असला, तर हा घोटाळा हमखास होतो. उष्णतेवरून शक्ती मोजणारा मापक रंगभेद फारसा मानीत नाही, मात्र तो मंद असतो. स्पंदनांचे लेसर आणखी फसवे. सरासरी १ वॅट, सेकंदाला १,००० स्पंदने, प्रत्येक १० नॅनोसेकंदांचे, असा हिशेब मांडला तर एका स्पंदनातील शक्ती १ लाख वॅट भरते ! अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत १२२ लेसर दर्शकांपैकी हिरव्यांतील सुमारे ९० टक्के सुरक्षिततेच्या नियमांत बसले नाहीत. छापील चिठ्ठीवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खाडीच्या पलीकडच्या तीरावर, ट्रॉम्बे येथे, १९६० नंतरच्या दशकातच भारतीय शास्त्रज्ञांनी अर्धवाहक लेसर घडविला होता. विद्या इतकी जवळ असता नव्या मुंबईने अंदाजावर का चालावे ? २५ डिसेंबर २०२५ पासून येथल्या विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली आहेत. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे असा किरण चमकला तर काय होईल, हे सांगावयास नको. तेव्हा महापालिका व पोलिस यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या प्रमाणाशी ताडलेले, दोन्ही प्रकारचे मापक आणि ते वापरणारा जाणकार येत्या उत्सवापूर्वी सिद्ध ठेवावा. कोणत्याही प्रकाशयंत्राच्या परवान्यावर तरंगलांबी, शक्ती आणि स्पंदनकाल हे तीन आकडे लिहावेत, आणि ट्रक हलण्यापूर्वी ते ताडून पाहावेत.