उसनें घेतलेलें आणि आपलें केलेलें

एखाद्या समाजानें दुसऱ्यापासून कांहीं घेतलें असें सिद्ध झालें, कीं त्याचा मोठेपणा उणावला असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. आमचें तें सर्व मूळचें आमचेंच, असें म्हणण्यांत पुष्कळांस भूषण वाटतें. आणि जो कोणी परक्यांचें ऋण दाखवितो त्याच्या स्वदेशप्रीतीविषयीं शंका घेतली जाते. भूमध्यसमुद्राच्या कांठच्या प्राचीन लोकांचा इतिहास पाहतां हा समज निराधार आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम अक्षरांचीच गोष्ट घ्या. सोर व सीदोन येथील फिनिशियन व्यापाऱ्यांची लिपि बावीस अक्षरांची होती व तींत स्वरांस चिन्हें नव्हतीं. ख्रि. पू. आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनीं ती उचलली, आणि ज्या व्यंजनांचा उच्चार आपल्या भाषेंत नाहीं त्यांचीं चिन्हें स्वरांकडे लाविलीं. 'अलेफ' म्हणजे बैल व 'बेथ' म्हणजे घर. यांचेंच 'आल्फा' व 'बीटा' झालें. ग्रीक भाषेंत या नांवांस कांहींएक अर्थ नाहीं. तीं केवळ ऋणाची साक्ष देत राहिलीं आहेत. पुढें याच अक्षरांत होमरचीं महाकाव्यें लिहिलीं गेलीं. इतिहासकार हिरोडोटस यानें ख्रि. पू. पांचव्या शतकांत हें ऋण उघडपणें नमूद केलें. त्यामुळें ग्रीकांची कीर्ति तिळभरहि कमी झाली नाहीं.

देवघेव लिपीपाशींच थांबली नाहीं. इटलींत पिर्गी या प्राचीन बंदराच्या जागीं १९६४ सालीं ख्रि. पू. ५०० च्या सुमाराचीं तीन सुवर्णपत्रें सांपडलीं. दोन एत्रुस्कन भाषेंतील व एक फिनिशियन भाषेंतील. त्यांत एका एत्रुस्कन राजानें देवीस स्थान अर्पण केल्याचा उल्लेख आहे. स्वभाषेंत तो तिला 'ऊनी' म्हणतो, आणि फिनिशियन भाषेंत 'अस्तार्ते'.

यावर कोणी म्हणेल, अशानें स्वत्व बुडणार नाहीं काय? ही भीति नवी नव्हे. हॅनिबलाशीं युद्ध चालू असतां ख्रि. पू. २०४ मध्यें रोमनांनीं भाकितग्रंथांच्या आदेशावरून आशिया मायनरांतील महामातेचा पाषाण आपल्या नगरांत आणिला. परंतु तिचें पौरोहित्य करण्यास रोमन नागरिकांस मनाई होती. ख्रि. पू. १८६ मध्यें बॅकसच्या गुप्त उत्सवांवर तर सेनेटनें कडक निर्बंध घातले. तेव्हां जें येईल तें डोळे मिटून घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पारख हवीच.

ती कशी असावी हें अलेक्झांड्रिया येथील यहूद्यांनीं दाखविलें. ख्रि. पू. तिसऱ्या शतकांत त्यांनीं आपल्या नियमशास्त्राचें ग्रीक भाषांतर केलें. भाषा परक्यांची घेतली, पण एका देवाची उपासना सोडिली नाहीं. पुढें उरलेल्या शास्त्रांचेंहि भाषांतर झालें, आणि नव्या कराराच्या लेखकांनीं जुन्या करारांतील बहुतेक वचनें त्याच भाषांतरावरून घेतलीं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्सकरांपुढें बोलतांना त्यांच्याच कवींचा आधार घेतो. तें वचन अरातस या कवीच्या काव्यांत आहे; तो कवि पौलाप्रमाणेंच किलिकियाचा. अन्यधर्मी कवीचें वचन उच्चारिल्यानें पौलाची श्रद्धा डळमळली नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची एवढीच विनंति आहे. कोणतीहि उत्तम वस्तु पाहिली म्हणजे ती मूळची कोणाची, एवढ्यावरच वाद घालीत बसूं नका. घेणारानें तींत स्वतःची काय भर घातली, आणि देणाऱ्याचें नांव घेण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्या ठायीं होता किंवा नाहीं, हेंहि विचारा. ज्यास ऋण मान्य करण्याची लाज वाटते, त्यास आपल्या स्वतःच्या भरीविषयींच पुरता विश्वास नसतो, असें आम्ही समजतों.