चेटकिणीपासून विदुरापर्यंत

२०२५च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बाबुली मेस्त्री हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. कोकणातल्या दशावतारी खेळ्याची ती भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. या वयात माणूस एवढा दम आणतो कुठून, हा प्रश्न आमच्या वाशिममध्येही चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत चर्चेला आला. माझ्यापुरतं उत्तर पक्कं आहे. त्या दमाचं मूळ बालनाट्यात आहे. आयुष्यभर मुलांना शिकवलं, त्यांना गोष्टी सांगितल्या, त्यांची नाटकं बसवली, म्हणून हे ठामपणे लिहिते.

प्रभावळकरांची पहिली ओळख झाली ती चेटकीण म्हणून. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण. औषध कंपनीतली नोकरी सांभाळून हा तरुण बालरंगभूमीवर उभा राहत होता. तो काळही मोठा होता. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या आणि १९५९मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. मुलांचं नाटक म्हणजे घरातल्या चादरीचा पडदा आणि पुठ्ठ्याची तलवार, ही समजूत त्यांनी मोडून काढली. मुलांच्या नाटकालाही नेपथ्य लागतं, प्रकाशयोजना लागते, संगीत लागतं आणि तालमीत घाम गाळणारे नट लागतात, हे त्यांनी प्रयोगातून दाखवलं. मतकरींचं ‘मधुमंजिरी’ त्यांनीच रंगमंचावर आणलं. पुढे १९६२मध्ये मतकरींनी पत्नी प्रतिभा मतकरींच्या साथीनं ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली आणि पदरमोड करून ती वर्षानुवर्षं चालवली. या मुशीतून प्रभावळकर घडले.

चेटकीण करणं सोपं वाटतं. नाक लांब करा, केस पिंजारा, आवाज चिरका काढा, झालं! पण समोर पाच-सहा वर्षांची पोरं बसलेली असतात. चेटकीण जास्त भेसूर झाली तर पोर भोकाड पसरतं आणि आई त्याला उचलून बाहेर नेते. जास्त विनोदी झाली तर तिचा धाक संपतो आणि धाक संपला की गोष्टच संपते. मुलानं आईचा हात घट्ट धरावा आणि त्याच वेळी खुदकन हसावं, एवढ्या नेमक्या मापाचं काम त्या नटाला प्रत्येक प्रयोगात नव्यानं जमवावं लागतं. मोठा प्रेक्षक नाटक रेंगाळलं तरी तिकिटाच्या पैशाकडे बघून बसून राहतो, शेवटी टाळ्याही वाजवतो. मूल तसं करत नाही. कंटाळलं की पाणी मागतं, खुर्चीवर उलटं बसतं, मागच्याशी बोलू लागतं. नटाचं लक्ष क्षणभर ढळलं की ते त्याला ताबडतोब कळतं. इतका कडक परीक्षक दुसरा नाही.

हे माप ज्याच्या अंगात मुरलं, त्याला पुढं काय जड जाणार? १९९३च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवा. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. त्या बाहुल्यानं एका पिढीची झोप उडवली आणि त्याच पिढीला पोट धरून हसवलं. भीती आणि हसू एकाच श्वासात. चेटकिणीनं शिकवलेला धडाच तिथं कामी आला, असं मला वाटतं.

ज्या मतकरींनी त्यांना चेटकीण दिली, त्याच मतकरींनी ‘आरण्यक’मध्ये विदुरही दिला. महाभारताचं युद्ध संपलेलं, राजवाडा सोडून वनात आलेली थकलेली माणसं आणि त्यांच्यातला हा विवेकी, शांत विदुर. हे नाटक चार दशकांनंतर २०१८मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं, तेव्हाही विदुर प्रभावळकरच होते. योगायोग असा की त्याच वर्षी ‘अलबत्या गलबत्या’ही नव्यानं आलं आणि वैभव मांगले यांच्या चेटकिणीनं नव्या पोरांना वेड लावलं. एका लेखकाच्या लेखणीतून उतरलेल्या या दोन टोकांच्या भूमिका एका नटानं पेलल्या. बालनाट्याला ‘मोठ्या नाटकाची पहिली पायरी’ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. मतकरींसाठी दोन्ही नाटकं सारख्याच तोलाची होती आणि त्यांच्या नटासाठीही.

विनोदाचंही तेच. दूरदर्शनवर त्यांनी चि. वि. जोशींचा चिमणराव उभा केला, सोबतीला बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. चिमणराव भित्रा आहे, गोंधळलेला आहे, पण प्रभावळकरांनी त्याची कधी टिंगल केली नाही. तो आपल्या घरातला वाटला, कारण त्याची फजिती त्यांनी आपुलकीनं दाखवली. ‘हसवाफसवी’ हे नाटक तर त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. बॉबी मॉड, नाना पुंजे, प्रिन्स वांटुंग पिंटुंग, दिप्ती लुमुंबा अशी हास्याची आतषबाजी होते आणि मग येतात कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीवरचे वयोवृद्ध नट. हात थरथरतात, शब्द सापडत नाहीत, पण जुन्या नाटकाचा विषय निघाला की डोळे लखलखतात. प्रेक्षक आधी हसतो, मग त्याच्या लक्षात येतं की आपल्या घशात काहीतरी दाटून आलंय. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त त्यांनी मतिमंद मुलाचा बाप केला आणि १९९१च्या ‘चौकट राजा’त तसा मुलगा, नंदू, स्वतःच साकारला. माणसाला हसायचं कुठं आणि कुठं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, हे कळल्याशिवाय असा नंदू होत नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’तल्या गांधीजींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गांधीजींचा आवाज कुठेही चढत नाही, आणि तरी पडद्यावर दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

या सगळ्यात त्यांनी गोष्ट सांगणं सोडलं नाही. मुलांसाठी त्यांनी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला. खोडकर, पण मनानं निर्मळ. बोक्या उपद्व्याप करतो ते कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून, आणि तात्पर्याचा डोस पाजायला लेखक मध्ये येत नाही. मोठ्यांसाठी ‘अनुदिनी’ हे वृत्तपत्रातलं सदर लिहिलं. त्यात एकाच घरातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात आणि प्रत्येकाची भाषा वेगळी उमटते. त्यातूनच २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली आणि प्रभावळकर महाराष्ट्राचे आबा झाले. ज्याला नातवाच्या तोंडून बोलता येतं, त्यालाच आबा होता येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या किती मुलांनी चांगलं बालनाट्य प्रत्यक्ष पाहिलंय? मुंबई-पुण्याचे दौरे इकडं क्वचित वळतात, हे खरं. पण म्हणून आपण कोरडे आहोत असं मुळीच नाही. दारी हवालदार होऊन दमदाटी करणारा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच सोंगात येणारा रायरंद आपल्या आजोबांनी पाहिला. गोंधळात संबळाच्या ठेक्यावर एकच गोंधळी राजा होतो, राणी होतो, देवी होतो. सप्ताहातला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा मांडवाच्या कडेला पेंगलेलं पोरही जागं होतं. आणखी मागं जायचं तर आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या चौथ्या शतकातल्या सर्वसेन राजानं श्रीकृष्णाची कथा रचली, ‘हरिविजय’, तीही संस्कृतात नव्हे, प्राकृतात. आपल्या भाषेत गोष्ट सांगण्याची या मातीची सवय एवढी जुनी आहे.

आणि आपण काय करतो? शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाड्याचे चमकते कपडे आणून चित्रपटगीतांवर नाच बसवतो. मुलं नाचली, मजा आली, त्याला माझी ना नाही. पण त्या नाचात मुलाचा स्वतःचा आवाज कुठंच नसतो. तो गाणाऱ्याचा असतो, स्पीकरचा असतो.

एका खेड्यातल्या शाळेत मी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट बसवत होते. म्हातारीचं काम करणारी चौथीतली मुलगी ताठ उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हणत होती, “मी माझ्या लेकीकडे जात आहे.” वाघही तसाच ताठ. मी म्हटलं, “बाई, तुझी आजी कशी बोलते तसं बोल.” तिनं क्षणभर विचार केला. ओढणी डोक्यावरून घेतली, कमरेत वाकली, एक डोळा बारीक केला आणि वाघाकडे बोट करून म्हणाली, “लेकीकडं जाऊन रायली बाप्पा! लठ्ठ होऊन येतो, अन् मंग खाय मले.” वाघ डरकाळी विसरला. सगळा वर्ग हसून लोळला. त्या पोरीला त्या घडीला कळलं की आपल्या घरची बोली रंगमंचावर चालते, नुसती चालत नाही तर गाजते. भारत गणेशपुरेंनी हीच वऱ्हाडी छोट्या पडद्यावर नेऊन महाराष्ट्राला हसवलं. ती आपल्या पोरांच्या जिभेवर जन्मापासून आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या वर्षीच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये एक तरी नाटक मुलांचं असावं, त्यांनी स्वतः संवाद जुळवलेलं, त्यांच्या बोलीतलं. आठवड्यातून एक तास वर्गात गोष्टीचा असावा. शिक्षकांनी सांगावी, मग पोरांनी आवाज बदलून सांगावी. राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा दरवर्षी होते, तिथं आपल्या जिल्ह्याचे संघ उतरावेत आणि गावकऱ्यांनी त्यांच्या प्रवासखर्चाला हातभार लावावा. देवळाच्या सभामंडपाला वर्गणी देणारी गावं याला नाही म्हणणार नाहीत.

यातून प्रत्येक जण नट होणार नाही आणि तसं व्हायलाही नको. पण जे मूल एकदा चेटकीण होतं, एकदा वाघ होतं आणि एकदा म्हातारी होतं, त्याला दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायची सवय लागते. ती सवय शेतात, दुकानात, कचेरीत, संसारात जन्मभर उपयोगी पडते. प्रभावळकरांनी तिचं सोनं करून दाखवलं. आपल्या पोरांना निदान तिची सुरुवात तरी मिळायला हवी आणि ती देणं आपल्या हातात आहे.