चाकांवरचे घर

मागच्या महिन्यात मुले मोबाईलवर एक व्हिडिओ बघत बसली होती. एका कुटुंबाने आपल्या गाडीमागे छोटी कॅराव्हॅन जोडली होती. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदा. जिथे रात्र होईल तिथे मुक्काम. आमची धाकटी म्हणाली, "अम्मी, असं घर तर मामूकडे आधीपासूनच आहे!"

सगळे हसलो, पण पोरगी खोटे बोलली नव्हती. भाईजान पंचवीस वर्षांपासून ट्रक चालवतात. सीटच्या मागे एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढी फळी, तिच्यावर गादी. पेटीत छोटी शेगडी, डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे, पाण्याचे कॅन. आरशाला तस्बीह, बाजूला घडी केलेली जानमाज. महिन्यातले वीस-बावीस दिवस हेच त्यांचे घर.

फरक एवढाच, की कॅराव्हॅनवाले मन लागेल तिथे थांबतात आणि भाईजान माल थांबवेल तिथे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीतच राहायचे तर गाडी लावायला सुरक्षित जागा, पाणी, वीज आणि शौचालय लागते, म्हणून त्यात कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीत राहणारा माणूस सहलीला निघालेला असो की माल घेऊन, त्याच्या गरजा तर त्याच आहेत ना?

आपल्या भिवंडीत मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या बाजूला गेलात तर गोदामांच्या बाहेर ट्रकच्या रांगा दिसतील. कोणी गुजरातहून आलेला, कोणी पंजाबहून. गाडी खाली व्हायला कधी दोन तास, कधी दोन दिवस. नंबर जाईल म्हणून ड्रायव्हर गाडी सोडून लांब जात नाही. अंघोळीची सोय नाही, काही ठिकाणी तर आतले शौचालयही वापरू देत नाहीत. या थांबण्याला लोक आराम समजतात. पण दर अर्ध्या तासाने गाडी पुढे सरकवणाऱ्याला झोप कुठून लागणार? मग गाडी खाली झाली की तोच जागा माणूस पुढच्या सफरीला निघतो.

२०२५ पर्यंत एक कायदा होता. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम सांगितले होते. सलग पाच तासांपुढे काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती. पण हा कायदा मुख्यतः पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारे बहुधा त्याच्या बाहेरच राहत. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. उन्हाळ्यात त्याचा फायदा होईल, पण जुन्या गाड्यांना तो नाही, आणि एसी काही झोपेची जागा घेत नाही.

मात्र सगळा दोष गोदामाला आणि मालकाला देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वीची ईद आठवते. भाईजान इंदूरहून येत होते. आम्ही घरातून फोनावर फोन केले. कुठे पोहोचलात? अजून किती वेळ? मुले वाट बघताहेत. नमाजच्या आधी या. ते रात्रभर चालवत राहिले. नाशिक सोडल्यावर घोटीच्या अलीकडे त्यांचा डोळा लागला. क्लीनरने ओरडून स्टिअरिंग धरले म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. पुढे कसारा घाट होता. भाईजाननी ढाब्यावर गाडी लावली, फोन बंद केला आणि झोपले. घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आम्ही सगळे रुसून बसलो होतो. ही हकिगत भाभींना चार दिवसांनी कळली, तीही क्लीनरकडून.

मुसाफिराला आपल्या दीनने किती सवलती दिल्या आहेत! चार रकातांची फर्ज नमाज सफरीत दोन होते. रमजानचा रोजा पुढे ठेवता येतो. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये मुसाफिराचे नाव आहे. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात रस्त्यांवर सराया बांधल्या. तिथे वाटसरूला पाणी, अन्न मिळे आणि जनावराला चाराही. आणि आम्ही घरातल्या मुसाफिराला दोन तासांच्या झोपेची सवलत देत नव्हतो.

त्या ईदपासून आमच्या घरात "कुठे पोहोचलात?" हा प्रश्न बंद झाला. आता आम्ही विचारतो, "झोप झाली का?" नाही म्हणाले, की फोन ठेवून देतो.

ज्या घरातला कोणी गाडीवर असेल त्यांनी एवढे जपा. गाडी चालू असताना फोन करू नका. घरचे भांडण, फीचे पैसे, आजारपण थांबल्यावर बोला. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोप सर्वात अनावर होते. चहाने ती थोडी लांबते, जात नाही. गाडी बाजूला लावून घेतलेली वीस मिनिटांची डुलकी जास्त कामाची. काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी पेटवू नये, इंजिन चालू ठेवून झोपू नये. विषारी वायूला वास नसतो.

आणि ज्यांची गोदामे आहेत, त्या आपल्या भाऊबंदांना एक विनंती. गेटजवळ एक नळ, एक स्वच्छ शौचालय, सावलीत दोन बाकडी आणि नंबर कधी लागेल याची खरी वेळ. एवढे झाले तरी रांगेतला माणूस निश्चिंत झोपेल. भिवंडीत थांबलेल्या त्या प्रत्येक केबिनची कुठेतरी कोणी भाभी, कोणी धाकटी वाट बघत असते.